पर्सवरचा चेहरा कोणाचा? व्यक्तिचित्र, परवाना आणि परोपकार

न्यूयॉर्क येथील क्रिस्टीज या लिलावसंस्थेत ९ मे २०२२ रोजी मेरिलिन मन्रो या अभिनेत्रीचे एक व्यक्तिचित्र सुमारे १९ कोटी ५० लाख डॉलरना विकले गेले. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९६४ साली केलेले हे चित्र चाळीस इंच लांब आणि तितकेच रुंद आहे. ते विक्रीस काढणारे झुरिक येथील थॉमस आणि डोरिस अम्मान प्रतिष्ठान होते आणि मिळणारी सर्व रक्कम मुलांच्या आरोग्य व शिक्षणविषयक कार्यासाठी खर्च करण्याचे प्रतिष्ठानाने जाहीर केले होते. एक विक्रेता, एक खरेदीदार आणि एक सत्कार्य, असा हा सरळ व्यवहार होता.

वॉरहॉल यांची चित्रे मात्र केवळ लिलावगृहात विकली जात नाहीत. ती पर्स, गळ्यात गुंडाळावयाचे स्कार्फ, बूट आणि टी-शर्ट यांवरही छापली जातात आणि त्या विक्रीतून चित्रकाराच्या नावे स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाकडे जाणारा पैसाही अखेर कलाक्षेत्रातील साहाय्यासाठीच वापरला जातो. हा दुसरा व्यवहार पहिल्याइतका सरळ नाही. त्यात चित्रकार असतो, ज्याचा चेहरा रंगविला ती व्यक्ती असते, ज्या छायाचित्रावरून चित्र केले त्याचा छायाचित्रकार असतो, वस्तू तयार करणारी कंपनी असते आणि ‘या विक्रीतील काही भाग सत्कार्यासाठी’ अशी चिठ्ठी वाचून खिशात हात घालणारा ग्राहकही असतो. या सर्वांपैकी कोणाचा हक्क कोठे संपतो, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता. आपली कला एखाद्या संस्थेच्या पिशवीसाठी देऊ इच्छिणाऱ्या भारतीय व्यक्तिचित्रकारालाही तो पडू शकतो.

बुटांच्या रेखाटनांपासून आरंभ

वॉरहॉल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९२८ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग या पोलादनगरीत झाला. त्यांचे आईवडील सध्याच्या स्लोव्हाकियातील मिकोवा या खेड्यातून अमेरिकेत स्थलांतरित झाले होते. चित्रकलेचे शिक्षण पूर्ण करून १९४९ साली ते न्यूयॉर्कला आले, तेव्हा त्यांना मिळालेली कामे चित्रदालनांची नव्हती. ती होती नियतकालिकांसाठी आणि जाहिरातींसाठी रेखाटने करण्याची. विशेषतः स्त्रियांच्या बुटांची रेखाटने. १९५५च्या सुमारास आय. मिलर या पादत्राणे विकणाऱ्या पेढीसाठी त्यांनी केलेल्या जाहिरातींनी त्यांना नाव आणि पैसा दोन्ही मिळवून दिले. वॉरहॉल यांची कला पुढे फॅशनच्या वस्तूंवर ‘उतरली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु मुळात ती तेथूनच वर आली होती, ही गोष्ट लक्षात घ्यावयास हवी.

ऑगस्ट १९६२ मध्ये मन्रो यांचे निधन झाले आणि वॉरहॉल यांनी त्यांचा चेहरा हाती घेतला. त्यासाठी त्यांनी ‘नायगारा’ या १९५३च्या चित्रपटाच्या प्रसिद्धीचे एक छायाचित्र वापरले. पद्धत होती सिल्कस्क्रीनची. चौकटीवर ताणलेल्या रेशमी जाळीवर प्रकाशसंवेदी लेप द्यावयाचा, मोठे केलेले छायाचित्र त्यावर ठेवून प्रकाश पाडावयाचा, जेथे लेप धुऊन निघेल तेथून रबरी पट्टीने शाई खाली कॅनव्हासवर दाबावयाची, असे तिचे स्वरूप आहे. लग्नपत्रिका किंवा छापील साड्या तयार होताना ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना या पद्धतीत काही नवल वाटणार नाही. ती कारखान्यातीलच पद्धत होती. कुंचल्याने रंगविलेले तैलचित्र कापडी पिशवीवर छापावयाचे झाल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे लागते, रंग वेगळे करावे लागतात आणि रंगाच्या थरांचा उठाव, कुंचल्याची फिरत हे सर्व त्यात हरवते. वॉरहॉल यांच्या चित्रात असे हरविण्याजोगे फारसे नव्हतेच. सपाट रंग, ठळक कडा आणि पुनरावृत्ती हे त्यांच्या चित्राचे गुण छपाईला अनुकूल होते.

१९७०च्या दशकात वॉरहॉल हे पूर्णार्थाने व्यावसायिक व्यक्तिचित्रकार बनले. पोलरॉइड कॅमेऱ्याने समोरच्या व्यक्तीची अनेक छायाचित्रे घ्यावयाची, त्यांतील एक निवडून मोठे करावयाचे आणि चाळीस इंची कॅनव्हासवर छापून रंगवावयाचे, असा क्रम ठरून गेला होता. पहिल्या चित्राचे मोल २५ हजार डॉलर असे. उद्योगपती, राजघराण्यातील व्यक्ती, खेळाडू, गायक असे अनेक जण त्यांच्यासमोर बसले. दरबारी चित्रकाराचे जुने काम त्यांनी नव्या श्रीमंतांसाठी चालू ठेवले, एवढाच काय तो फरक. या चित्रांत छायाचित्र त्यांचे स्वतःचे असे आणि बसणाऱ्याची संमतीही असे. पेच निर्माण होत तो दुसऱ्याचे छायाचित्र वापरले तेथे. फुलांच्या प्रसिद्ध चित्रमालिकेसाठी त्यांनी छायाचित्रणविषयक नियतकालिकातील एक छायाचित्र घेतले होते; ते टिपणाऱ्या पॅट्रिशिया कॉलफिल्ड यांनी १९६६ साली दावा दाखल केला आणि तो न्यायालयाबाहेर मिटवावा लागला.

मृत्युपत्र आणि बिस्किटांच्या बरण्या

२२ फेब्रुवारी १९८७ रोजी शस्त्रक्रियेनंतर वॉरहॉल यांचे अचानक निधन झाले. दोन भाऊ आणि व्यवसाय सांभाळणारे निकटचे सहकारी यांच्यासाठी ठेवलेल्या ठरावीक रकमा वगळता सर्व मालमत्ता दृश्यकलेच्या उन्नतीसाठी एका प्रतिष्ठानाकडे द्यावी, असे त्यांच्या मृत्युपत्रात नमूद होते. त्यानुसार त्याच वर्षी ‘अँडी वॉरहॉल फाउंडेशन फॉर द व्हिज्युअल आर्ट्स’ ही संस्था अस्तित्वात आली.

संस्थेकडे पहिला मोठा पैसा आला तो चित्रांतून नव्हे. वॉरहॉल यांना वस्तू जमविण्याचे व्यसन होते. त्यांच्या घरातील हजारो वस्तूंचा लिलाव सदबीज या संस्थेने १९८८च्या वसंतात सलग दहा दिवस चालविला आणि सुमारे अडीच कोटी डॉलर उभे राहिले. बिस्किटे ठेवण्याच्या साध्या चिनी मातीच्या बरण्या, ज्या त्यांनी जुन्या बाजारातून किरकोळ भावाने आणल्या होत्या, एकत्रितपणे अडीच लाख डॉलरच्या घरात गेल्या. चेहऱ्याप्रमाणेच नावालाही किंमत असते, हे त्या बरण्यांनी दाखवून दिले.

संस्थेला वारशात चित्रे मिळाली आणि त्या चित्रांचा स्वामित्वहक्क, म्हणजेच कॉपीराइटही मिळाला. या दोन गोष्टी भिन्न आहेत. चित्र विकले की ते एकदाच पैसे देते आणि हातातून जाते. स्वामित्वहक्क मात्र चित्र कोणाच्याही भिंतीवर असले तरी संस्थेकडेच राहतो आणि त्या चित्राची प्रतिमा कोणी कशावर छापावी, हे ठरविण्याचा अधिकार त्यातून मिळतो. अमेरिकेत हा हक्क दीर्घकाळ चालतो. परिणामी प्रत्येक परवाना हा संस्थेच्या दृष्टीने पुन्हा पुन्हा पिकणाऱ्या शेतासारखा आहे. २०१२ साली संस्थेने आपल्याजवळ उरलेल्या कलाकृती क्रिस्टीजमार्फत क्रमशः विकण्याचा निर्णय जाहीर केला, त्यामुळे परवान्यांच्या उत्पन्नाचे महत्त्व अधिकच वाढले.

या पैशाचे होते काय, असे कोणी विचारील. प्रदर्शने, लहान कलासंस्था आणि समीक्षालेखन यांना अनुदान देणे हे त्याचे मुख्य काम. १९९४ साली पिट्सबर्ग येथे उघडलेल्या वॉरहॉल संग्रहालयाच्या उभारणीतही संस्थेचा वाटा होता. त्याहून बोलका प्रसंग २०१० सालचा आहे. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय व्यक्तिचित्र दालनात भरलेल्या एका प्रदर्शनास संस्थेने एक लाख डॉलरचे साहाय्य केले होते. राजकीय टीकेनंतर दालनाने डेव्हिड वोयनारोविच या दिवंगत कलावंताची चित्रफीत प्रदर्शनातून काढून टाकली, तेव्हा संस्थेने ती परत न लावल्यास स्मिथसोनियन या पालक संस्थेच्या प्रदर्शनांना यापुढे साहाय्य न करण्याचा इशारा दिला. पर्सच्या विक्रीतून येणारा पैसा अशा प्रसंगी ताठ कणा देतो, ही गोष्ट नाकारता येत नाही.

परवान्याचे गणित

वस्तूवर चित्र छापण्याच्या करारात सामान्यतः चार गोष्टी ठरतात: कोणते चित्र, कोणत्या वस्तूंवर, किती काळ आणि कोणत्या प्रदेशात. कंपनी काही रक्कम आगाऊ देते आणि पुढे विक्रीवर ठरावीक टक्के रॉयल्टी देते. ही रॉयल्टी बहुधा घाऊक किमतीवर मोजली जाते, ग्राहक देतो त्या किमतीवर नव्हे. समजा, एका पर्सची दुकानातील किंमत १,००० रुपये आहे आणि दुकानदाराने ती ५०० रुपयांना घेतली आहे. रॉयल्टी आठ टक्के ठरली असेल, तर हक्कधारकाच्या हाती ४० रुपये पडतात. यातून संस्थेचा व्यवस्थापनखर्च वजा झाला की उरेल ते सत्कार्याला. आकडे येथे उदाहरणादाखल घेतले आहेत, परंतु प्रमाणाची कल्पना त्यावरून यावी. एक हजार रुपये दान केल्याचे समाधान आणि प्रत्यक्ष पोहोचलेले ४० रुपये यांत बरेच अंतर आहे.

सर्वच योजना अशा नसतात. एड्स, क्षय व हिवताप यांविरुद्ध काम करणाऱ्या जागतिक निधीसाठी २००६ साली सुरू झालेल्या ‘रेड’ या उपक्रमात सहभागी कंपन्यांनी विशिष्ट वस्तूंच्या नफ्यातील, निम्म्यापर्यंत जाणारा, वाटा देण्याचे मान्य केले. येथेही शब्द पाहावेत: ‘नफ्यातील’, ‘पर्यंत’. किमतीचा भाग आणि नफ्याचा भाग या दोन निराळ्या गोष्टी असून चिठ्ठीवरील बारीक अक्षरांत सगळा फरक दडलेला असतो.

वॉरहॉल यांच्या बाबतीत फॅशनच्या मोठ्या नावांनी संस्थेकडून परवाने घेतले. डिओर या फ्रेंच पेढीने २०१३च्या हिवाळी संग्रहात त्यांची १९५०च्या दशकातील रेखाटने पिशव्यांवर आणि कपड्यांवर आणली. बुटांच्या चित्रांपासून आरंभ करणाऱ्या कलावंताला ही परतफेडच म्हणावी. त्या संग्रहाचे रचनाकार राफ सिमन्स पुढे कॅल्व्हिन क्लाइनमध्ये गेले आणि त्या कंपनीने २०१७ साली संस्थेशी २०२०पर्यंतचा करार केला. २०१८च्या उन्हाळी संग्रहात अभिनेते डेनिस हॉपर यांचे वॉरहॉलकृत व्यक्तिचित्र अंगावरील कपड्यांवर झळकले. अशा वेळी ग्राहक पैसे मोजतो ते कापडाला, शिलाईला, नाममुद्रेला आणि चेहऱ्यालाही. यांपैकी चेहऱ्याचा वाटा किती, हे मात्र कोणत्याच पावतीवर लिहिलेले नसते.

केळे, छायाचित्र आणि न्यायालय

परवान्याचे उत्पन्न जसे वाढले तसे वादही आले. वॉरहॉल यांनी १९६७ साली ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनासाठी पिवळ्या केळ्याचे चित्र केले होते. संस्थेने या केळ्याचा परवाना आयफोन व आयपॅडच्या आवरणांसाठी दिल्याचे समजताच वाद्यवृंदाच्या सदस्यांनी जानेवारी २०१२ मध्ये दावा दाखल केला. केळे हे आमच्या नावाशी इतके एकरूप झाले आहे की ते आमचे बोधचिन्हच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २०१३ साली दोन्ही पक्षांनी आपसांत तडजोड केली. तिच्या अटी प्रकट झाल्या नाहीत. एका मोबाइलच्या आवरणावरून चाललेला हा वाद वाचताना हसू येते खरे, परंतु पुढच्या प्रकरणात हसण्यासारखे काही नव्हते.

छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ साली ‘न्यूजवीक’ या साप्ताहिकासाठी प्रिन्स या तरुण गायकाची काही छायाचित्रे आपल्या स्टुडिओत घेतली. गायक बुजरा होता. त्याच्या चेहऱ्याची ठेवण उठून दिसावी म्हणून त्यांनी प्रकाशाची विशिष्ट योजना केली, त्याच्या पापण्यांना व ओठांना रंग दिला. त्या छायाचित्रांचा स्वामित्वहक्क त्यांनी स्वतःजवळ ठेवला. १९८४ साली ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाने त्यांतील एक कृष्णधवल छायाचित्र चित्रकाराला संदर्भ म्हणून वापरण्यासाठी ४०० डॉलर देऊन घेतले. वापर एकदाच करावयाचा आणि छायाचित्रकाराचे नाव द्यावयाचे, अशी अट होती. तो चित्रकार कोण, हे गोल्डस्मिथ यांना ठाऊक नव्हते. तो वॉरहॉल होता. त्याने मासिकासाठी जांभळ्या रंगातील एक चित्र दिले आणि त्याच छायाचित्रावरून आणखी पंधरा कृती स्वतःसाठी केल्या.

२१ एप्रिल २०१६ रोजी प्रिन्स यांचे निधन झाले. ‘व्हॅनिटी फेअर’ची मालक कंपनी काँडे नास्ट हिने विशेषांक काढला आणि मुखपृष्ठासाठी त्या पंधरांपैकी नारिंगी रंगातील चित्र निवडले. वॉरहॉल प्रतिष्ठानाला त्याबद्दल १० हजार डॉलर मिळाले. गोल्डस्मिथ यांना काही मिळाले नाही. त्यांचे नावही छापले गेले नाही. मुखपृष्ठ पाहिल्यावर त्यांनी आपले छायाचित्र ओळखले आणि प्रतिष्ठानाशी संपर्क साधला. प्रतिष्ठानाने २०१७ साली स्वतःच न्यायालयात जाऊन आपल्याकडून हक्कभंग झालेला नाही, असे घोषित करण्याची मागणी केली. एकटी छायाचित्रकार एका बाजूस आणि संपन्न प्रतिष्ठान दुसऱ्या बाजूस, असा हा सामना होता. २०१९ साली जिल्हा न्यायालयात प्रतिष्ठान जिंकले, २०२१ साली अपील न्यायालयात गोल्डस्मिथ जिंकल्या.

१८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा: गोल्डस्मिथ यांचे छायाचित्र आणि वॉरहॉल यांचे चित्र या दोहोंचा मासिकातील उपयोग एकच, प्रिन्सविषयीच्या मजकुराबरोबर प्रिन्सचा चेहरा दाखविणे, हा होता. हा वापर व्यापारी होता. चित्रात नवा अर्थ आला म्हणून दुसऱ्याच्या कृतीचा असा वापर आपोआप न्याय्य ठरत नाही. सूपच्या डब्यांची चित्रे निराळी, कारण डब्यावरील वेष्टनाचे काम सूप विकणे हे होते आणि चित्राचे काम त्या विक्रीसंस्कृतीकडे बोट दाखविणे हे होते. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी तीव्र भिन्नमत नोंदविले आणि सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्यांना साथ दिली. कला नेहमीच आधीच्या कलेवर उभी राहते, तिचा मार्ग असा अडविल्यास नवनिर्मितीच आटेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

निकालाची व्याप्ती मर्यादित आहे, हे सांगणे आवश्यक आहे. वॉरहॉल यांनी चित्र करणे गैर होते असे न्यायालयाने म्हटले नाही. प्रश्न केवळ २०१६च्या परवान्याचा होता. न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी आपल्या सहमतीच्या टिपणात हेच चित्र ना-नफा संग्रहालयात मांडले असते तर उत्तर निराळे येण्याची शक्यता सूचित केली. म्हणजे एकच चित्र भिंतीवर असताना एका न्यायाने आणि वस्तूवर छापल्यावर दुसऱ्या न्यायाने तोलले जाऊ शकते. प्रस्तुत लेखकास यात विसंगती दिसत नाही. संग्रहालयात आपण चित्र पाहावयास जातो. पर्सवर ते पर्स खपविण्यासाठी असते. आणि खपातून येणारा पैसा सत्कार्याला जाणार असला, तरी ज्या व्यक्तीच्या श्रमावर तो उभा आहे तिला वगळण्याचा अधिकार त्या हेतूने मिळत नाही. दान देणाऱ्याने आधी उधारी फेडावी, ही आपल्याकडील जुनी समज येथेही लागू पडते.

ज्यांचा चेहरा आहे त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. मन्रो यांच्या वारसांनी त्यांच्या प्रतिमेवर हक्क सांगितला होता. परंतु निधनसमयी त्यांचे कायदेशीर वास्तव्य न्यूयॉर्क राज्यात होते आणि त्या राज्याच्या कायद्यात मरणोत्तर प्रसिद्धीहक्क नव्हता, या कारणास्तव अपील न्यायालयाने २०१२ साली हा हक्क नाकारला. जगात बहुधा सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या चेहऱ्यांपैकी एकाचे भवितव्य घर कोठे होते यावर ठरले.

ज्यांनी वाट बदलली

परवान्यांच्या या जंजाळातून दोन प्रकारे बाहेर पडता येते, हे वॉरहॉल यांच्याच शहरात दिसून आले. कीथ हॅरिंग हे त्यांचे तरुण मित्र. व्यक्तिचित्र हा त्यांचा प्रांत नव्हे, परंतु त्यांनी १९८६ साली न्यूयॉर्कच्या लाफायेट रस्त्यावर ‘पॉप शॉप’ नावाचे स्वतःचे दुकान उघडून बिल्ले, टी-शर्ट आणि इतर वस्तू सामान्यांना परवडतील अशा दरात विकावयास आरंभ केला. कलेचा बाजार मांडल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. एड्सने आजारी असताना त्यांनी १९८९ साली मुलांसाठी आणि एड्सविरोधी कार्यासाठी प्रतिष्ठान स्थापन केले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दुकान २००५पर्यंत चालले. येथे चित्र कलावंताचेच, विक्रेताही तोच, उद्देशही त्यानेच ठरविलेला. मधे कोणी नाही.

दुसरी वाट त्याहून टोकाची. एड्सग्रस्तांविषयीच्या आस्थेचे चिन्ह म्हणून कपड्यावर टाचण्याची लाल फीत १९९१ साली न्यूयॉर्कमधील ‘व्हिज्युअल एड्स’ या संस्थेच्या कलावंतांनी तयार केली. तिच्यावर कोणी स्वामित्वहक्क घ्यावयाचा नाही, कोणा एकाचे नाव तिला द्यावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. २ जून १९९१ रोजी टोनी पुरस्कार समारंभात अभिनेते जेरेमी आयर्न्स यांच्या कोटावर ती दिसली आणि पाहता पाहता जगभर पसरली. पैसा उभा करणे हा तिचा मूळ हेतूच नव्हता, म्हणून तिला परवान्याची गरज पडली नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की, पुढे ती कोणीही, कोणत्याही वस्तूवर, कोणाच्याही फायद्यासाठी छापू शकले.

भारतातील कायदा काय सांगतो

व्यक्तिचित्रकाराची कला घराघरांत पोहोचण्याचा अनुभव भारताला नवा नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछाप मुद्रणालय काढले आणि संस्थानिकांच्या महालांत शोभणारी त्यांची कला शिळाछाप चित्रांतून सामान्यांच्या देव्हाऱ्यापर्यंत गेली. त्यांचे निधन १९०६ साली झाले. भारतात चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे आज त्यांची चित्रे साडीवर वा पर्सवर छापण्यासाठी कोणाच्या परवान्याची आवश्यकता नाही आणि छापणाऱ्यावर त्यातील पैसा कोणाला देण्याचे बंधनही नाही.

हयात चित्रकाराची स्थिती निराळी आहे. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७च्या सतराव्या कलमानुसार मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून व्यक्तिचित्र काढले असेल, तर उलट करार नसल्यास त्या चित्राच्या स्वामित्वहक्काची पहिली मालकी चित्र काढून घेणाऱ्याकडे जाते. ही तरतूद अनेक चित्रकारांना ठाऊक नसते. निसर्गचित्र स्वतःच्या आनंदासाठी काढले, तर ते एखाद्या रुग्णसाहाय्य संस्थेच्या पिशवीवर छापू देण्यास चित्रकार मोकळा असतो. पैसे घेऊन काढलेले एखाद्या गायिकेचे व्यक्तिचित्र मात्र तिच्या संमतीविना त्याला तसे देता येणार नाही. सदिच्छेने दिलेले चित्रही अशा वेळी संस्थेला अडचणीत टाकू शकते.

चित्र काढून घेणाऱ्याकडे हक्क गेला, तरी सर्व काही जात नाही. कलम ५७ अन्वये आपण कर्ता असल्याचे सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क कलावंताकडे राहतो. विज्ञान भवनातील आपले कांस्य भित्तिशिल्प उखडून गोदामात टाकल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी केंद्र सरकारविरुद्ध चालविलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली ते शिल्प त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तो याच कलमाच्या आधारे. व्यक्तिचित्र अर्धे कापून पर्सच्या झाकणावर बसविले, तर चित्रकार या कलमाचा आधार घेऊ शकेल. आणखी एक धोका असा की, वस्तूवर लावावयाची आकृती ‘डिझाइन’ म्हणून नोंदविता येण्याजोगी असूनही नोंदविली नाही, तर यंत्राने अशा पन्नासांहून अधिक वस्तू तयार होताच त्या डिझाइनवरील स्वामित्वहक्क संपुष्टात येतो. मूळ चित्र आणि त्यावरून केलेले डिझाइन यांतील सीमारेषेवर २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयास सविस्तर विवेचन करावे लागले होते.

चेहरा प्रसिद्ध व्यक्तीचा असेल तर तिचा स्वतंत्र हक्क उभा राहतो. अमिताभ बच्चन यांच्या याचिकेवर नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि अनिल कपूर यांच्या याचिकेवर सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचे नाव, प्रतिमा व आवाज यांच्या अनधिकृत व्यापारी वापरास मनाई केली. चाहत्याने रंगविलेले चित्र भिंतीवर लावण्यास याने बाध येत नाही. ते छापून विकावयास निघाल्यावर मात्र संमती घेणे इष्ट, मग विक्रीचा पैसा अनाथाश्रमाला का जाईना. ग्राहकाच्या दृष्टीनेही एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. पर्स विकत घेणे म्हणजे देणगी देणे नव्हे. त्यामुळे प्राप्तिकरात देणगीवर मिळणारी सवलत पर्सच्या किमतीवर मागता येत नाही.

चित्रकार आणि संस्था यांच्यातील करार तोंडी असून चालत नाही. कलम १९ प्रमाणे स्वामित्वहक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच मानला जातो. सहाव्या वर्षी छापलेली पिशवी किंवा परदेशातील भारतीयांना पाठविलेली पिशवी अशा कराराच्या बाहेर पडते. चांगल्या कामासाठी केलेला कागद म्हणून तो कोणी बारकाईने वाचत नाही आणि पुढे नवे विश्वस्त आले किंवा चित्रकाराचे वारस आले की हाच कागद शोधण्यासाठी कपाटे उघडली जातात.